लुएला टेशची मूठ

पाण्याशी संबंध नसलेला नवरा हवा, एवढी एकच अट घालून लुएलाने लग्न केलं होतं. तिचे वडील मिसिसिपी नदीवर माणसांची ने-आण करणारी नाव चालवायचे. लहानपणी घरात कायम ओल्या दोराचा आणि माशांचा वास, आणि दाराशी कधीच न वाळणारे बूट. वडिलांनी तिला पोहायला शिकवलं नाही. ज्यांना पोहता येतं तेच बुडतात, बाकीचे काठावर राहतात, असं त्यांचं मत होतं, आणि लुएलाने ते आयुष्यभर पाळायचं ठरवलं होतं. म्हणून तिने विस्कॉन्सिनमधल्या सीडर नॅरोज गावचा सॉसेजवाला पसंत केला. ऑर्विन टेश. आडवातिडवा, गोरापान, हसरा. बापाच्या वेळेपासूनचं दुकान, मागे मांसाला धुरी द्यायची खोली. माणूस दिवसभर डुकराचं मांस आणि मीठमसाला यांच्यात. याहून कोरडा धंदा कुठे मिळणार?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोघं शिकागोला निघाली. गाडीच्या मागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबट बांधलेलं होतं. लुएलाला वाटलं, सामान असेल.

"वाटेत जरा थांबू," ऑर्विन म्हणाला. "नदीकाठी. गंमत असते."

गंमत म्हणजे आउटबोर्ड होड्यांची रेस होती. ताडपत्रीखालून पातळ लाकडाची, चपटी, बदकाच्या चोचीसारखी होडी निघाली आणि गाडीच्या डिकीतून, तिच्या नव्या कपड्यांच्या बॅगेखालून, एक इंजिन. ते होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलं की झालं. बाकी मग आवाजच आवाज. लुएला लग्नाचे पांढरे बूट घालून चिखलात पाना धरून उभी राहिली. ऑर्विन शेवटचा आला आणि नखशिखांत भिजून, जग जिंकल्यासारखा हसत काठावर चढला.

"कशी होती?" त्याने विचारलं.

"तू सांगितलं नव्हतंस," लुएला म्हणाली.

"तू विचारलं नव्हतंस," ऑर्विन म्हणाला.

त्यांना शिकागो काही दिसलं नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. दर उन्हाळ्यात तिकडे जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात वाटेत एखादी नदी लागायची.

त्या काळात, म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, त्या भागात अशी कुटुंबंच्या कुटुंबं होती. रविवार उजाडला की गाडीमागे होडी, होडीवर दुसरी होडी, मागच्या सीटवर झोपलेली पोरं, पोरांच्या पायाशी बटाट्याच्या सॅलडचं पातेलं, आणि निघाले. प्रत्येक गावच्या नदीकाठी तीच माणसं, तीच टेबलं, तेच वाद. पाद्रीबाबा कुरकुरायचे, की टेश मंडळी देवळात फक्त हिवाळ्यात दिसतात. ऑर्विन म्हणायचा, "बाबा, रेसच्या वळणावर माणूस जितक्या मनापासून देवाचं नाव घेतो ना, तितकं देवळात घेत नाही." पाद्रीबाबा हे हसून सोडून द्यायचे, कारण त्यांना ऑर्विनची सॉसेजं आवडायची.

या इंजिनांना साधं पेट्रोल चालत नसे. त्यांना अल्कोहोल आणि एरंडेल लागे. जे एरंडेल पाजायला पोरांची नाकं दाबावी लागतात, तेच ऑर्विन इंजिनाला कौतुकाने पाजायचा. मिश्रण लुएलाच्या पातेल्यात व्हायचं. तिच्या मुलीला, जनीनला, शाळेत कोणी शेजारी बसवून घेत नसे. तिच्या लोकरीच्या कोटालासुद्धा तो वास येई. लुएलाने एकदा ते पातेलं लपवून ठेवलं, तर ऑर्विनने सूपाचं घेतलं.

ऑर्विनला रेसचं वेड होतं, पण यश म्हणाल तर शोधून सापडायचं नाही. त्याला दोन कारणं होती. पहिलं म्हणजे तो स्वतः. या होड्यांत चालवणारा जितका हलका तितकी होडी वेगात, आणि ऑर्विन स्वतःच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता. दर हिवाळ्यात तो होडी हलकी करायचा. लाकूड तासायचा, आतल्या पट्ट्यांना भोकं पाडायचा, पितळी स्क्रू काढून ॲल्युमिनियमचे बसवायचा.

"होडीला भोकं पाडतोस," लुएला म्हणायची, "त्यापेक्षा तोंडाला झाकण लाव ना. फुकट काम होईल."

"तुला यातलं कळत नाही," ऑर्विन म्हणायचा आणि सॉसेजचा आणखी एक तुकडा तोडायचा.

दुसरं कारण म्हणजे घड्याळ. या रेसमध्ये होड्या काठावरून एकदम सुटत नाहीत. आधी पाण्यात घिरट्या घालत राहायचं, पंचांच्या तराफ्यावर एक भलंमोठं घड्याळ असतं, त्याचा काटा वर आला की तोफेचा बार होतो, आणि त्याच क्षणी भरधाव वेगात रेषा ओलांडायची. आधी ओलांडली तर बाद, उशिरा ओलांडली तर मागे. ऑर्विन एक तर आधी जायचा नाहीतर उशिरा. वेळेवर तो फक्त जेवायला यायचा.

सीडर नॅरोजच्या तळ्यापलीकडच्या गावात बोलस्टाड राहायचे. गेलॉर्ड बोलस्टाड न्हावी होता, कंगव्यासारखा बारीक, अबोल नॉर्वेजियन. तो जिंकायचा. त्याची बायको आर्डिस मात्र घसघशीत, मोठ्या आवाजाची आणि पाण्यात सोडली तर पाणमांजर. आर्डिस आणि लुएलाचं पहिल्याच उन्हाळ्यात जमलं. नवऱ्यांचं मात्र बिनसलं, आणि त्याची कथा अशी, की एकदा चुकून ऑर्विन गेलॉर्डच्या पुढे आला. गेलॉर्डने तक्रार केली, की टेशच्या इंजिनात काहीतरी काळंबेरं आहे. तपासनिसाने इंजिन खोललं. निघालंच. ऑर्विनने आत कानस चालवली होती, आणि ते नियमात बसत नव्हतं.

"बाद," तपासनीस म्हणाला. मग चष्मा पुसत, जरा दयेने म्हणाला, "पण टेश, खरं सांगू? तू हे केलं नसतंस ना, तर इंजिन आणखी जोरात पळालं असतं."

फसवल्याचा आरोप ऑर्विनने पचवला असता. हे मात्र त्याला पचलं नाही. तेव्हापासून तो गेलॉर्डशी बोलेना आणि गेलॉर्ड त्याच्याशी. पण दर रविवारी दोन्ही गाड्या शेजारीशेजारीच उभ्या राहायच्या, कारण बायकांचं टेबल एकच होतं.

"लुएला, त्याला सांग, त्याची गाडी माझ्या सावलीत आलीय."

"आर्डिस, त्याला सांग, सावली झाडाची आहे."

"तुम्ही दोघं," आर्डिस म्हणायची, "गप्प जेवा. सावली काय, कोंबडी काय, सगळं देवाचं आहे, आणि बटाट्याचं सॅलड माझं आहे."

एकोणसाठ साली सप्टेंबरच्या सुटीत सीडर नॅरोजच्याच टॅमरॅक तळ्यावर मोठी रेस ठरली. गावाने पताका लावल्या, मक्याची कणसं भाजायला मोठमोठ्या भट्ट्या मांडल्या. ऑर्विनने होडीवर दुकानाचं नाव नव्याने रंगवून घेतलं. गावातल्या गावात, गिऱ्हाइकांच्या देखत, या वेळी तो काहीतरी करून दाखवणार होता. आदल्या दिवशी दुकानात अर्धं डुक्कर खांद्यावर घेताना त्याच्या कमरेत काहीतरी कट्‌कन झालं. होडीला इतकी वर्षं भोकं पाडून हलकं केलं, पण डुक्कर हलकं करायचं त्याला सुचलं नव्हतं.

रविवारी त्याला फळीवर उताणा निजवून तळ्याकाठी आणलं. मागचं दार उघडं टाकून गाडीत ठेवलं. मान वळवता येत नव्हती. त्याला गाडीचं छत आणि दारातून दिसणारी आभाळाची एक पट्टी, एवढंच दिसत होतं. गावकरी एकेक करून येऊन बघून जात होते, माणूस मयताला येऊन जातो तसे.

रेस भरवणाऱ्या मंडळाचा चिटणीस आला. म्हणाला, "ऑर्विन, तुझं नाव छापलंय. होडी उतरली नाही तर बरं दिसणार नाही. दुसरं कोणी आहे का चालवायला? तुझी बायको? दर आठवड्याला इंजिन तीच तर सुरू करून बघते."

हे खरं होतं. होडी पाण्यात टाकण्याआधी इंजिन लाकडी घोडीवर टांगून, दोरी ओढून, चालू करून बघायचं काम लुएलाचं असे. ऑर्विनला दोरी ओढताना पोट आड यायचं.

ऑर्विन हसायला गेला आणि कळ आल्यामुळे अर्ध्यावरच थांबला. "लुएला? अहो, ती आंघोळीच्या टबात बसतानासुद्धा दोन्ही हातांनी काठ धरून बसते!"

लुएला गाडीमागेच पेले पुसत उभी होती. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"हेल्मेट कुठाय?" तिने विचारलं.

"अगं, मी गंमत केली."

"मी नाही केली. हेल्मेट कुठाय?"

हेल्मेट ऑर्विनच्या डोक्याचं. आत भांडी पुसायची दोन फडकी कोंबली तेव्हा कुठे ते बसलं. अंगात त्याचं तरंगणारं जाकीट, ते गुडघ्यापर्यंत आलं. चिटणिसाने उभ्याउभ्या तिला मंडळाची सभासद करून घेतलं. बातमी पसरली. गेलॉर्ड होडी पुसत होता. त्याने ऐकलं आणि वर न बघता म्हणाला, "बरं झालं. एक होडी कमी मोजायची."

आता इंजिन सुरू होईतो होडीची शेपटी पाण्यात धरून कोण उभं राहणार? ऑर्विनची माणसं संकोचली. बाईमाणूस, पोहता येत नाही, काही झालं तर बोल आपल्यावर. तेवढ्यात आर्डिस झगा कमरेला खोचून सरळ पाण्यात उतरली आणि टेशांची होडी धरून उभी राहिली.

"आर्डिस!" गेलॉर्ड ओरडला. तो ओरडला हीच मोठी बातमी होती. "तू कोणाच्या बाजूची?"

"जिला पोहता येत नाही तिच्या!" आर्डिसने तिथूनच उत्तर दिलं. मग हळू आवाजात लुएलाला म्हणाली, "हे बघ, उजव्या हातात चाक, डाव्या हातात ही दांडी. दाबलीस की पळणार, सोडलीस की थांबणार. कोणी होडीतून उडालं तर होडीने एकटीने उधळू नये म्हणून ही सोय आहे. भीती वाटली की सोड. कळलं?"

"भीती वाटली की सोडायची," लुएलाने घोकलं.

तिचा बेत साधा होता. सगळ्यांच्या मागून, कोणाच्या वाटेत न येता, कमीत कमी भिजत, हळूहळू एक चक्कर मारायची आणि काठावर येऊन ऑर्विनला सांगायचं, बघ, टबाचा काठ सोडला. तिने दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला किंचाळून उठलं. ती गुडघ्यांवर बसली आणि दांडी जराशी दाबली. होडीने पाणी सोडलं आणि नाक आभाळाकडे उचललं.

त्या क्षणी लुएलाला इतकी भीती वाटली, की तिची मूठ आवळली गेली. आणि जी आवळली, ती उघडेना.

तिला कळत होतं, सोड. ती स्वतःलाच ओरडून सांगत होती, सोड, सोड. पण मूठ तिची राहिली नव्हती. होडी जितकी पळे तितकी तिला भीती वाटे, आणि जितकी भीती वाटे तितकी मूठ आवळत जाई. घड्याळाकडे बघणं तर दूरच, तिने डोळेच पुरते उघडले नव्हते. घिरट्या घालणाऱ्या बाकीच्या होड्यांमधून ती कशी निघाली, हे त्या होड्यांवरच्या माणसांनाही सांगता आलं नाही. ते आपले बाजूला झाले. ती रेषेवर पोचली आणि त्याच क्षणी तोफ उडाली. ऑर्विनने उभ्या जन्मात जे साधलं नव्हतं, ते तिने डोळे मिटून साधलं.

वळणांवर पाण्यात रंगवलेली पिंपं तरंगत होती. तिथे सगळेच वेग कमी करतात. न करून सांगता कोणाला? लुएलाने केला नाही, कारण तिच्या हातात नव्हतं. होडी आडवी सरकली, दगड पाण्यावर टप्पे घेतो तशी उड्या मारत गेली, पण वर बसलेलं ओझं चिमणीएवढं, म्हणून उलटली नाही. तिथे ऑर्विन असता तर तळ्याला नवा तळ मिळाला असता. दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती गेलॉर्डच्या आतल्या बाजूने घुसली आणि तिच्या मागून उठणारा पाण्याचा पिसारा अख्खाच्या अख्खा गेलॉर्डच्या अंगावर पडला. त्याचं इंजिन खोकलं, शिंकलं, गप्प झालं; ते पुन्हा सुरू करून तो कसाबसा दुसरा आला.

रेस संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला. लुएला त्याच्या खालून गेली आणि तशीच पुढे गेली. लोक टाळ्या वाजवत होते. तिने आणखी एक फेरी मारली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग आणखी एक. पुढच्या रेसच्या होड्या काठावर खोळंबल्या. पंच लाल झेंडा हलवून थकले. "किती हौस ती!" कोणीतरी कौतुकाने म्हणालं. शेवटी टाकीतलं तेल संपलं, आणि तळ्याच्या मधोमध होडी आपसूक खाली बसली.

मदतीची बोट जवळ गेली तेव्हा लुएला ताठ बसलेली होती.

"कोणी बुडालं का?" तिने विचारलं.

"नाही हो. तुम्ही जिंकलात."

"मग मला आता घरी सोडा," लुएला म्हणाली.

मूठ काठावर आल्यावरही उघडली नाही. दांडी स्क्रू काढून वेगळी करावी लागली, आणि ती हातात धरूनच लुएला चालत आली. आर्डिसने कणसांच्या भट्टीवरून लोण्याचं भांडं आणलं आणि एकेक बोट चोळून सोडवलं.

"सोडायची होती ना गं?" ती कानात म्हणाली.

"सुटली नाही."

आर्डिसने हातावरचं लोणी पुसलं. मग म्हणाली, "कोणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ऑर्विन गाडीत तसाच उताणा होता. त्याने रेस पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं होतं.

"वळणावर आवाज कमी झाला नाही," तो म्हणाला. "मला वाटलं तू उडालीस आणि होडी एकटीच चाललीय. एकदा नाही, प्रत्येक वळणावर वाटलं. लुएला, तिथे पडल्यापडल्या मी ठरवलं, इंजिन विकून टाकायचं. परत पाण्याचं नाव काढायचं नाही."

लुएलाला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत हा माणूस असं बोलला नव्हता.

"मग?" ती म्हणाली.

"मग लाउडस्पीकरवर सांगितलं, तू जिंकलीस," ऑर्विन म्हणाला. "आता कसं विकणार?"

तेवढ्यात आभाळाच्या पट्टीत गेलॉर्डचं ओलं डोकं आलं.

"तुझ्या बायकोने मला भिजवलं," तो थेट ऑर्विनला म्हणाला. मधे कोणाला घातलं नाही.

"मी पाहिलं नाही," ऑर्विन म्हणाला. "कसं झालं ते सांग ना."

गेलॉर्ड गाडीच्या मागच्या फळीवर बसला आणि त्याने सांगितलं. सांगायला त्याला बराच वेळ लागला, कारण ऑर्विन प्रत्येक वळणाबद्दल तीनतीनदा विचारत होता.

पण रेस दोन खेपांची होती, आणि दोन्हींचे गुण मिळून निकाल लागायचा. दुसऱ्या खेपेला लुएला पुन्हा उतरली. आता तिला ठाऊक होतं की आपल्याला येतं. तिने घड्याळाकडे नीट पाहिलं, त्यामुळे उशीर झाला. वळणांवर शहाण्यासारखी दांडी सोडली, त्यामुळे मागे पडली. ती अत्यंत धीराने, व्यवस्थित, शेवटची आली. ट्रॉफी गेलॉर्डला मिळाली.

ती गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात राहिली नाही. त्या आठवड्याच्या गावच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर लुएलाचा फोटो आला. होडी हवेत, आणि हेल्मेटखाली तिचं तोंड आ वासलेलं. ती तेव्हा आईच्या नावाने किंचाळत होती. खाली छापलं होतं, 'वळणावरही विजयी हास्य.' दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो कागद दाखवायचं. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात धैर्याचा दाखला म्हणून तिचं नाव घेतलं, आणि ती ऐकायला तिथे नव्हती, कारण त्या रविवारी आणखी एका गावी रेस होती आणि तिथल्या लोकांनी तिला खास बोलावलं होतं. गेलॉर्ड पुढे म्हातारा होईपर्यंत कुरकुरत राहिला. "ट्रॉफी माझ्या दुकानात, आणि गोष्ट तिची! गिऱ्हाईक माझ्या खुर्चीत बसतं, वस्तरा माझा, आणि मला विचारतं, ती हसणारी बाई पाहिली होती का हो?"

लुएला त्यानंतर पाच-सहा उन्हाळे रेसमध्ये उतरली. आपल्याला हे आवडतं, असं लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला, पण थोडाच वेळ. ती कधीच जिंकली नाही. लोक म्हणायचे, "मनात आणलं तर जिंकेल, पण आता तिला हाव राहिली नाही." ऑर्विन कमरेला पट्टा बांधून पाण्यात होडी धरून उभा राहायचा, आणि त्या कामात तो नंबर एक निघाला. एवढा जड माणूस शेपटीला धरून उभा, होडी जागची हलायची नाही. "हे आधी कळलं असतं तर," लुएला म्हणायची, आणि तो खूश व्हायचा. चाळिशीत ती शहरातल्या तलावात जाऊन पोहायलाही शिकली, आर्डिसच्या आरडाओरड्यात. ऑर्विन आणि गेलॉर्ड पुन्हा भांडले, पुन्हा बोलू लागले. जनीनने बोलस्टाडांच्या थोरल्याशी लग्न केलं तेव्हा दोघा व्याह्यांचा वाद एवढाच होता, की एका ट्रेलरवर दोन होड्या चढवायच्या तर वर कोणाची.

मग हळूहळू माणसं विरळ झाली. इंजिनं महागली, विम्याचे कायदे आले, पोरांना दुसरे नाद लागले. आधी गेलॉर्ड गेला आणि त्याच्या मागोमाग, एका हिवाळ्यात, ऑर्विन. त्याची शवपेटी उचलायला सहाऐवजी आठ माणसं लागली. लुएला रडतारडता पुटपुटली, "शेवटपर्यंत हलका झाला नाही."

म्हातारपणी दोघी जणी टॅमरॅक तळ्याकाठी बांधलेल्या नव्या घरांमध्ये राहायला आल्या, दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. तिथे राहणाऱ्यांची एक कमिटी होती. एका उन्हाळ्यात कमिटीपुढे ठराव आला, की तळ्यावर मोटरच्या होड्यांना बंदी करावी. आवाजाने झोपमोड होते. सगळ्यांनी लुएलाकडे पाहिलं. ही तर एकेकाळची प्रसिद्ध रेसवाली. ही काय म्हणते?

लुएलाने हात वर केला. बंदीच्या बाजूने.

आर्डिस खुर्ची ढकलून उठली. "तू? लुएला टेश, तू?"

"मी दुपारी झोपते," लुएला म्हणाली.

"लाज वाटत नाही?"

"झोप लागल्यावर कशाला वाटेल?"

ठराव पास झाला. आर्डिस तिच्याशी बोलेना. एवढ्या वर्षांत दोघी कधी भांडल्या नव्हत्या. आता एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघींच्या किटल्या वेगवेगळ्या शिट्ट्या वाजवू लागल्या. लुएलाने शेजारच्या नर्सबाईकडे निरोप दिला, "तिला सांगा, तिच्या कुंड्या माझ्या पायरीवर आल्यात." उलट निरोप आला, "तिला सांगा, पायरी बांधणाऱ्याची आहे." हे आपण कुठेतरी ऐकलंय, असं लुएलाला वाटलं, आणि ती एकटीच बराच वेळ हसली, पण नमतं घ्यायला गेली नाही.

ऑगस्टच्या एका रविवारी सकाळी आर्डिस घडीची खुर्ची घेऊन आली आणि पायरीवर बसलेल्या लुएलाच्या शेजारी, पाण्याकडे तोंड करून बसली. तळं आरशासारखं होतं. एक बदक या टोकाकडून त्या टोकाकडे निघालं. दोघींनी ते पोचेपर्यंत पाहिलं.

"किती शांत आहे," आर्डिस म्हणाली.

"हो ना."

"झोप लागते?"

"नाही," लुएला म्हणाली. "इतक्या शांततेत कशी लागणार?"

आर्डिसने खुर्ची मिटली. "उत्तरेकडच्या जिल्ह्यात आज रेस आहे म्हणे. जुनीच मंडळी भरवतात. दुपारी सुरू होते."

"मग थांबलीस कशाला? कोंबडी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे. सॅलड तू कर."

सॅलड होईतो ऊन वर आलं. गाडी लुएलाने चालवायला घेतली, कारण आर्डिसला आता लांबचं दिसत नसे. लुएलाला जवळचं दिसत नसे, म्हणून नकाशा आर्डिसच्या मांडीवर. त्या जिल्ह्यातल्या तळ्याकाठीही नवी घरं झाली आहेत आणि तिथल्या म्हाताऱ्यांचीही दुपारची झोपमोड होत असते, असं आर्डिसने वाटेत सांगितलं.

"मग त्यांनी कमिटी करावी," लुएला म्हणाली. "आज नको म्हणजे झालं. डावीकडे की उजवीकडे?"